वाचकांचे प्रश्न : बातमीची जबाबदारी कोणाची?

६ जानेवारीच्या पत्रकार दिनाच्या निमित्ताने पत्रकारितेविषयीचे प्रश्न पाठवावेत, असे आवाहन या सदरातून केले होते. आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर काळजीचा आहे, काहींचा रागाचा आहे, आणि तो राग अनाठायी नाही. ज्या पत्रांत इतर अनेकांचे प्रश्नही सामावले आहेत असे वाटले, ती येथे थोडी संक्षिप्त करून घेतली आहेत. एका वार्ताहराने नाव न छापण्याची विनंती केली आहे. ती योग्य असल्याने सर्वांचीच नावे वगळली आहेत.

आमच्या गावात पेपर येईपर्यंत सकाळचे नऊ वाजतात. तोवर त्यातली प्रत्येक बातमी मोबाइलवर वाचून आणि पुढे पाठवून झालेली असते. अपघात झाला की तिथे उभा असलेला मुलगाच चित्रण करतो आणि दहा मिनिटांत ते तालुकाभर फिरते. मग पत्रकाराने करायचे असे काय उरले?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, बार्शी

आपण सांगता ती परिस्थिती खरी आहे, आणि ती सर्वस्वी वाईट आहे असे मला वाटत नाही. डोळ्यांसमोर घडलेले कोणालाही जगाला दाखवता येऊ लागल्यामुळे एरवी दडपले गेले असते असे कितीतरी प्रकार उघडकीस आले. सर्वांत आधी कळवण्याचा मान पत्रकाराच्या हातून गेला आहे आणि तो परत मिळवण्याच्या धडपडीत काही वृत्तवाहिन्यांची काय अवस्था झाली, ते आपण रोज पाहतो. पण घटना घडली एवढे कळवून पत्रकाराचे काम पूर्वीही संपत नव्हते.

आपलेच अपघाताचे उदाहरण घेऊ. एसटी आणि ट्रकची धडक झाली, त्याचे चित्रण सर्वत्र गेले, आणि त्याखाली कोणी आठ ठार लिहिले, कोणी अठरा. बातमीदार आधी पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदाराकडे नोंदीतला आकडा विचारतो, मग रुग्णालयात शवविच्छेदनाची नोंद पाहतो. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर ते का जुळत नाहीत, हे शोधतो. कारण गंभीर जखमीला सोलापूरला हलवताना तो वाटेत दगावला तर त्याची नोंद दुसऱ्याच रुग्णालयात होते. मृताच्या घरच्यांना कळवले गेले आहे, याची खात्री होईपर्यंत तो नाव देत नाही. दुसऱ्या दिवशी तो विचारतो की हा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा की राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, याच वळणावर यापूर्वी किती अपघात झाले, आणि दुरुस्तीची जबाबदारी अजून ठेकेदारावर आहे की नाही. चित्रण करणारा मुलगा तोपर्यंत घरी गेलेला असतो, आणि त्यात त्याची काहीच चूक नाही, कारण हे काम त्याने पत्करलेले नव्हते.

हे काम कोणीच केले नाही तर काय होते, हे महाराष्ट्राने धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला पाहिले. १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी समजून पाच माणसांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. ती माणसे मंगळवेढा भागातली, नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी होती. त्या काळात देशभर फिरत असलेल्या चित्रफितींपैकी एक तर कराचीतल्या, मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करणाऱ्या चित्रफितीचा तुकडा होता. ही जागृतीसाठी केलेली चित्रफीत आहे, हे सांगणारा शेवटचा भाग कोणीतरी कापून टाकला होता. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने एका वेळी किती जणांना संदेश पुढे पाठवता येईल यावर भारतात मर्यादा घातली. मर्यादेने वेग कमी झाला. पण संदेश खरा की खोटा, हे कोणाला तरी शोधावे लागतेच.

पडताळणी सदिच्छेपेक्षाही मोठी असते, हे मराठी पत्रकारितेला फार लवकर कळले होते. ‘केसरी’ १८८१ साली सुरू झाला आणि वर्षभरातच कोल्हापूरच्या महाराजांच्या, म्हणजे चौथ्या शिवाजींच्या, छळाविषयी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी जोरदार लेखन केले. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावरच्या आरोपांना आधार म्हणून जी पत्रे मिळाली होती, ती न्यायालयात बनावट ठरली. बदनामीच्या या खटल्यात १८८२ साली आगरकर आणि टिळक यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ रोजी, अहमदनगरला महाराजांचा त्यांच्यावर नेमलेल्या गोऱ्या सेवकाशी झालेल्या झटापटीनंतर मृत्यू झाला. संपादकांना वाटणारी काळजी खरी होती, हेतू निर्मळ होता, जनतेची सहानुभूतीही त्यांच्याकडे होती. तरी हातातला कागद खोटा होता, एवढ्या एका गोष्टीमुळे ज्यांच्यासाठी लिहिले त्यांच्या उपयोगाचे ते लेखन राहिले नाही. नव्या पत्रकारांना टिळकांचा १९०८ चा राजद्रोहाचा खटला आवर्जून सांगितला जातो. १८८२ चा खटलाही तितक्याच आवर्जून शिकवला पाहिजे, असे माझे मत आहे.

एक गोष्ट आपण स्वतः करून पाहावी. दैनिकाच्या एखाद्या पानाच्या तळाशी अगदी बारीक अक्षरांत मालकाचे, मुद्रकाचे, प्रकाशकाचे आणि संपादकाचे नाव, छापखान्याचा पत्ता, आणि बातम्यांच्या निवडीची कायदेशीर जबाबदारी कोणावर आहे, हे छापलेले असते. ही ओळ १८६७ च्या कायद्याने सक्तीची केली आणि त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या कायद्यानेही जबाबदार संपादकाची नोंद कायम ठेवली आहे. आरंभी या कायद्याचा हेतू पत्रांवर नजर ठेवण्याचा होता, हे खरे. पण आज तीच ओळ वाचकाच्या कामाची आहे, कारण बातमी खोटी निघाली तर कोणाच्या दारात जायचे, ते ती सांगते. मोबाइलवर आलेल्या निनावी संदेशाला असे दार नसते. पत्रकाराने करायचे काय उरले, या आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर हेच आहे: तपासून घेणे, आणि जे लिहिले त्याला नावानिशी जबाबदार राहणे.

वृत्तपत्र निःपक्षपाती असावे, असे लहानपणापासून ऐकत आलो. पण जनमत कौलाच्या वेळी आमच्या घरी दोन मराठी दैनिके येत आणि दोन्हींनी उघड बाजू घेतलेली असे. ती पत्रकारिता होती की प्रचार?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, म्हापसा

आपण ज्या काळाचे साक्षीदार आहात, तो मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासातला फार महत्त्वाचा काळ आहे आणि महाराष्ट्रात त्याविषयी फारच थोडे बोलले जाते. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा राहावा, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी कौल घेतला गेला. ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने होता. ‘राष्ट्रमत’ने मराठीतूनच विलीनीकरणाला विरोध केला आणि उदय भेंब्रे यांच्या ‘ब्रह्मास्त्र’ या सदराने तो घरोघर नेला. विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते पडली. इतक्या मोठ्या निर्णयात वृत्तपत्रांनी मत मांडले नसते, तर ते वाचकांना एकटे टाकण्यासारखे झाले असते.

मराठी पत्रकारिता जन्मापासूनच मत असलेली आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली सुरू केलेल्या ‘दर्पण’मध्ये इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई. राज्यकर्त्यांना येथल्या लोकांचे म्हणणे कळावे आणि लोकांना नवी विद्या मिळावी, हा त्यामागचा उद्देश उघड होता. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये काढलेला आणि पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी चालवलेला ‘दीनबंधु’ शेतकऱ्यांच्या आणि गिरणी कामगारांच्या बाजूने उभा होता. मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली, त्यामागे लोखंडे यांच्या चळवळीइतकीच त्यांची लेखणीही होती. या पत्रांना कोणी तटस्थ म्हणणार नाही, आणि तरीही त्यांच्यावाचून त्या काळाचा इतिहास लिहिता येणार नाही.

मग प्रचार वेगळा कशाने होतो? माझ्या मते एक कसोटी पुरेशी आहे: आपल्या बाजूला गैरसोयीची ठरणारी खरी गोष्ट ते वृत्तपत्र छापते का? अग्रलेखात कोणतीही भूमिका घ्यावी, ठामपणे घ्यावी. पण आपल्याला न पटणाऱ्या सभेला मैदान भरले होते, तर बातमीत मैदान भरले होते असेच आले पाहिजे. जनमत कौलाच्या काळातले जुने अंक आपल्या संग्रहात किंवा जवळच्या ग्रंथालयात असतील, तर ही कसोटी दोन्ही दैनिकांना लावून पाहावी आणि जे आढळेल ते आम्हाला अवश्य कळवावे.

निःपक्षपातीपणाच्या नावाखाली अलीकडे एक सोय रूढ झाली आहे, तिच्याविषयीही बोलले पाहिजे. कारखान्याचे सांडपाणी नदीत सोडले जाते असे गावकरी म्हणतात, कारखाना ते नाकारतो. बातमीदार दोघांची वाक्ये एकाखाली एक ठेवतो आणि आपले काम झाले असे समजतो. पाण्याचा नमुना कोणी घेतला होता का, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अहवाल काय सांगतो, मेलेल्या माशांचा पंचनामा झाला का, हे त्याने विचारलेलेच नसते. दोन्ही बाजू दिल्या, पण पाणी दूषित आहे की नाही हे वाचकाला शेवटपर्यंत कळले नाही, तर अशा समतोलाचा फायदा ज्याच्याकडे लपवण्यासारखे काही आहे त्यालाच होतो.

शिवाय कोणाची बाजू मुळात बाजू म्हणून मोजली जाते, हा प्रश्न राहतोच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केला. त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी २,५०० रुपयांचे साहाय्य केले होते. त्या काळातल्या वृत्तपत्रांना विशिष्ट जातींच्या हिताचीच काळजी आहे, हे आंबेडकरांनी पहिल्याच अंकात स्पष्ट लिहिले. आणि पैसे देऊ केले असतानाही ‘केसरी’ने ‘मूकनायक’ची जाहिरात छापली नव्हती. आजच्या वृत्तपत्रांच्या कार्यालयात पारधी, गोंड, कोलाम, डवरी गोसावी समाजातली किती माणसे बातम्या निवडणाऱ्या खुर्चीवर बसतात? राईनपाड्याला मारली गेलेली माणसे कोण आहेत, त्यांचा उदरनिर्वाह कसा चालतो, हे बहुसंख्य वाचकांना त्या दिवशी प्रथमच कळले, ते याच कारणाने.

आमच्या शहरात दिवाळी, नेत्यांचे वाढदिवस, दुकानाचे उद्घाटन या सगळ्यांसाठी पुरवण्या निघतात आणि निवडणुकीत तर बातमीचे दर ठरतात असे सर्रास बोलले जाते. मी स्वतः जाहिरात देतो, म्हणून विचारतो: पैसे घेतल्याशिवाय पेपर चालतच नाही, तर पैशाची बातमी आणि खरी बातमी आम्ही ओळखायची कशी?
— एक कापड दुकानदार, लातूर

जाहिरात घेणे हा दोष नाही. वाचक जी किंमत देतो, तिच्यात कागद, शाई, छपाई, गाड्या आणि विक्रेत्याचे कमिशन एवढेही बसत नाही. उरलेला सगळा खर्च जाहिरात उचलते. हे गणित सर्वोच्च न्यायालयापुढेही गेले होते आणि ते नेणारे दैनिक पुण्याचे ‘सकाळ’ होते. किती पाने द्यायची त्यानुसार किंमत ठेवा, जाहिरातींनाही ठरावीकच जागा द्या, असे बंधन सरकारने १९६० च्या आदेशाने घातले. १९६१ मध्ये न्यायालयाने ते रद्द केले, कारण किंमत वाढली की खप घटतो आणि खप घटणे म्हणजे मत पोहोचवण्याचे स्वातंत्र्य घटणे, असे न्यायालयाने मानले. वृत्तपत्रस्वातंत्र्याचा वेगळा उल्लेख राज्यघटनेत नाही. ते नागरिकाच्या अनुच्छेद १९ मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यातच येते. म्हणजे ते स्वातंत्र्य मूळचे आपले, वाचकांचे आहे.

दोष आहे तो जाहिरात बातमीच्या कपड्यांत उभी करण्यात. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या काही प्रतिस्पर्धी दैनिकांत एकाच नेत्याची स्तुती करणारा मजकूर जवळजवळ शब्दशः सारखा छापून आला, आणि तो वेगवेगळ्या नावांनी छापून आला. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघडकीस आणले. भारतीय वृत्तपत्र परिषदेने, म्हणजे प्रेस कौन्सिलने, परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची समिती नेमली. त्यांच्या अहवालात वृत्तपत्रांची नावे होती, म्हणून २०१० मध्ये परिषदेने त्याचा केवळ सारांश प्रसिद्ध केला. संपूर्ण अहवाल पुढच्या वर्षी, माहिती अधिकारात लढा दिल्यावर, लोकांसमोर आला. दुसऱ्यांकडे पारदर्शकता मागणाऱ्या व्यवसायाच्या नियामक संस्थेकडून माहिती अधिकार वापरून अहवाल काढून घ्यावा लागला, ही गोष्ट मला आजही फार लागते.

१८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त केलेल्या भाषणात डॉ. आंबेडकर म्हणाले होते की पत्रकारिता हा एके काळी ध्येयाचा व्यवसाय होता, आता तो धंदा झाला आहे आणि साबण तयार करण्यापेक्षा अधिक नैतिक कार्य त्याला उरलेले नाही. ऐंशी वर्षांनंतर त्यात भर एवढीच घालावी लागते की साबणाच्या वेष्टनावर आतला माल काय आहे, ते निदान लिहिलेले असते.

ओळखण्याच्या खुणा आहेत. ‘प्रायोजित’ किंवा ‘जाहिरात’ हा शब्द कोपऱ्यात बारीक टाइपात लपलेला आहे का ते पाहावे. संपूर्ण मजकुरात एकही प्रश्न, एकही आक्षेप, एकही विरोधी आवाज नसेल. आकडे एकाच माणसाने दिलेले असतील. बातमीदाराच्या नावाऐवजी नुसते ‘प्रतिनिधी’ असेल आणि तोच मजकूर दुसऱ्या दैनिकातही असेल, तर ती बातमी नाही असे समजावे. आपण जाहिरातदार आहात, म्हणून आपल्या हातात वाचकापेक्षा एक गोष्ट अधिक आहे: ‘जाहिरातीसोबत एक बातमीही लावून देतो’ असे कोणी म्हटले, तर नको म्हणावे.

मी वैनगंगेच्या काठावरच्या एका तालुक्याचा वार्ताहर आहे. पगार नाही, छापून आलेल्या बातमीमागे थोडे मानधन आणि जाहिरातीवर कमिशन मिळते. वर्षाचे जाहिरातीचे टार्गेट आहे. रात्री रेतीचे टिप्पर कोणाचे जातात, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. पण जे टिप्पर चालवतात तेच वाढदिवसाची जाहिरात देतात. मी काय करावे?
— एक वार्ताहर, भंडारा जिल्हा

आपल्या पत्राला उत्तर देताना मला संकोच वाटतो, कारण तत्त्वे सांगणारा मी कार्यालयात बसलो आहे आणि आपण त्या रेतीघाटावर आहात. म्हणून आधी हे स्पष्ट लिहितो की आपल्या अडचणीचा दोष आपला नाही. ज्याच्याविरुद्ध लिहायचे त्याच्याकडूनच जाहिरात आणायला लावणारी व्यवस्था मालकांनी उभी केली आहे. पत्रकार व वृत्तपत्र कर्मचाऱ्यांसाठी नेमलेल्या मजिठिया वेतन आयोगाच्या शिफारशींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले, तरी तालुक्याच्या वार्ताहरापर्यंत त्याचा लाभ पोहोचला नाही, कारण त्याला बहुतेक ठिकाणी कर्मचारीच मानले जात नाही. मोठ्या दैनिकांची परिषदांमधली भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत. जाहिरातीचे काम आणि बातमीचे काम एकाच माणसाकडे ठेवणार नाही, एवढा एक निर्णय त्यांनी घेतला तर ग्रामीण पत्रकारितेचे जितके भले होईल तितके दुसऱ्या कशाने होणार नाही.

तोवर करता येण्यासारखे काही आहे. ‘गावाला माहीत आहे’ यावर बातमी लिहू नये. घाटाचा लिलाव झाला आहे का, किती ब्रास उपशाची परवानगी आहे, किती वाहतूक परवाने दिले, दंडाच्या किती नोटिसा निघाल्या आणि त्यांपैकी वसुली किती झाली, हे सगळे तहसील आणि जिल्हा खनिकर्म कार्यालयाच्या कागदांवर असते आणि माहिती अधिकारात मागता येते. परवानगीचा आकडा आणि वाहतुकीचा आकडा शेजारी ठेवले की बातमी कोणा व्यक्तीविरुद्धची राहत नाही, ती हिशेबाची होते. कागद हाती आले की त्यांची प्रत जिल्हा कार्यालयाकडे आणि विश्वासातल्या दुसऱ्या पत्रकाराकडे ठेवावी. अशी बातमी शक्य असेल तेव्हा दोन-तीन वृत्तपत्रांच्या वार्ताहरांनी मिळून, एकाच दिवशी द्यावी. एकट्याला गाठणे सोपे असते.

महाराष्ट्रात पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१७ मध्ये स्वतंत्र कायदा संमत झाला आहे. त्याखालचा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असून तीन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. पण पत्रकारिता हाच ज्याचा मुख्य व्यवसाय आहे आणि ज्याची संस्थेने पत्रकार म्हणून नेमणूक केली आहे, असा माणूस त्यात गृहीत धरलेला आहे. म्हणून नुसत्या ओळखपत्रावर समाधान न मानता लेखी नियुक्तिपत्र मागावे. ते देत नसतील तर मागितल्याचा ईमेल तरी जपावा. धमकी आली तर ती त्याच दिवशी लेखी तक्रारीत आणि कार्यालयाच्या नोंदीत यावी. आणि एखादी बातमी आपल्या जिवावर बेतेल असे वाटले, तर ती जिल्ह्याच्या किंवा मुंबईच्या बातमीदाराच्या हाती सोपवावी. त्यात कमीपणा नाही.

मी समुपदेशनाचे काम करते. आत्महत्येच्या बातम्यांत कशाने, कुठे, कसे हे सगळे तपशील येतात, चिठ्ठी छापतात, घरच्यांचे रडतानाचे फोटो देतात. हे टाळायला सांगितले की ‘मग शेतकऱ्यांच्या आत्महत्या लपवायच्या का?’ असे उत्तर मिळते.
— एक समुपदेशक, यवतमाळ

यवतमाळमधून हा प्रश्न यावा याला फार अर्थ आहे. लपवायचे काहीच नाही. कापसाला मिळालेला भाव, बोंडअळीने गेलेले पीक, बँकेने नाकारलेले आणि सावकाराने दिलेले कर्ज, पीकविम्याची न आलेली रक्कम, सरकारी मदतीसाठी ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ ठरवणाऱ्या समितीचे निकष, मागे राहिलेल्या बाईच्या नावावर सातबारा झाला की नाही, हे सर्व छापावे, पुन्हा पुन्हा छापावे, पहिल्या पानावर छापावे. माणूस कोणत्या मार्गाने गेला याचा या कशाशीही संबंध नाही. तो तपशील वाचून तशाच अवस्थेतला दुसरा माणूस त्या मार्गाला लागण्याचा धोका असतो, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींच्या आधारे प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये याविषयी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली: पद्धत व ठिकाण यांचे वर्णन नको, भडक मथळा नको, छायाचित्र नको, ठळक जागा नको. जानेवारी २०२१ मध्ये, एका अभिनेत्याच्या मृत्यूनंतर वाहिन्यांनी पडद्यावरच चालवलेल्या ‘खटल्या’संदर्भात, मुंबई उच्च न्यायालयाने वाहिन्यांनीही ही तत्त्वे पाळावीत असे सांगितले. अशा बातमीसोबत १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत मदत क्रमांक द्यायला एका ओळीची जागा लागते. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची आणि अल्पवयीन मुलांची ओळख उघड करणे तर सरळ गुन्हाच आहे. पोक्सो कायद्यात नावाबरोबरच शाळा, शेजार, कुटुंब यांचे तपशीलही येतात, आणि गावाचे नाव, वडिलांचा हुद्दा व मुलीची इयत्ता छापून ‘नाव बदलले आहे’ असे लिहिणाऱ्यांना ते कळत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

बातमी लिहायला आता यंत्रे आली आहेत. ती वापरणे नैतिक आहे का?
— पत्रकारितेची विद्यार्थिनी, नागपूर

मुलाखतीचे ध्वनिमुद्रण उतरवून घेणे, भाषांतराचा पहिला खर्डा, शुद्धलेखन, मोठ्या कागदपत्रांतून आकडे शोधणे यांसाठी वापरायला हरकत नाही. मात्र त्यातला प्रत्येक तपशील माणसाने मुळाशी ताडून पाहिला पाहिजे, कारण यंत्र अत्यंत आत्मविश्वासाने चुकीचे नाव आणि न घडलेली घटना लिहून देते. घटनेचे चित्र यंत्राने तयार करून छायाचित्र म्हणून छापणे ही फसवणूक आहे. ज्या मजकुरावर आपले नाव जाणार आहे, त्यातल्या कोणत्याही वाक्याविषयी ‘हे कशावरून?’ असे विचारले, तर उत्तर आपल्याला देता आले पाहिजे.

चोरीच्या एका गुन्ह्याच्या बातमीत आरोपी म्हणून माझ्या भावाचा फोटो छापला. आरोपीचे नाव आणि त्याचे नाव सारखे आहे, एवढेच कारण. फोन केला तर ‘पोलिसांनीच दिला’ म्हणतात. त्याचे ठरत आलेले लग्न मोडले. आम्ही दाद कुठे मागायची?
— एक गृहिणी, कोल्हापूर जिल्हा

ताई, झालेले नुकसान कोणत्याही खुलाशाने पूर्ण भरून येणार नाही, हे मी जाणतो. ‘पोलिसांनीच दिला’ हे उत्तर संपादकाला जबाबदारीतून सोडवत नाही; छायाचित्र समाजमाध्यमावरून उचललेले असेल तर ते टिकणारही नाही.

फोनवर बोलणे थांबवा आणि संपादकांना लेखी पत्र पाठवा. त्यात अंकाची तारीख, आवृत्ती, पान क्रमांक लिहा, कात्रण जोडा, भावाच्या ओळखीचा पुरावा जोडा, आणि तीन गोष्टी मागा: छायाचित्र चुकीचे होते असे स्पष्ट म्हणणारी दुरुस्ती, ती मूळ बातमी होती त्याच पानावर आणि छायाचित्राइतक्याच ठळकपणे, आणि संकेतस्थळावरच्या व ई-पेपरच्या मजकुरातही बदल. आतल्या पानावर दोन ओळींचे ‘अनवधानाने’ स्वीकारू नका. समाधान झाले नाही तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. दैनिकाच्या बाबतीत ती प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत करावी लागते आणि त्याआधी संपादकांना लिहिलेले असावे लागते. परिषद दंड करू शकत नाही, तिला ताकीद देण्याचा आणि निषेध नोंदवण्याचा अधिकार आहे. वृत्तवाहिन्या तिच्या कक्षेत येत नाहीत, त्यांच्यासाठी आधी वाहिनीकडे आणि मग त्यांच्या स्वनियामक संस्थेकडे जावे लागते. भरपाई हवी असेल तर दिवाणी न्यायालयाचा आणि बदनामीच्या फौजदारी तक्रारीचा मार्ग वेगळा खुला आहे. त्यासाठी वकिलांचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. त्यांचे कार्यालय जिल्हा न्यायालयातच असते, आणि अर्जदार स्त्री असेल तर उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. तक्रार भावाच्या नावाने करायची असल्यास मात्र त्याचे उत्पन्न पाहिले जाईल.

पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. दोन महिन्यांची मुदत बातमी छापली त्या तारखेपासून मोजायची आहे, तेव्हा पत्र याच आठवड्यात टाका.